पिवळा दिवा राहू दे

"दिवा लागला तेव्हा गाडी किती स्पीडला होती, साहेब?"

मगदूम मिस्त्रींनी हे विचारलं आमच्या ह्यांना. गाडी चालवत होते मी. किल्ली माझ्या हातात होती, शाळेची पर्स माझ्या खांद्याला होती, आणि दिवा लागला तेव्हा आमचे हे सोसायटीच्या ऑफिसात पंख्याखाली बसले होते.

"मला विचारा ना," मी म्हणाले. "आजऱ्याच्या अलीकडे चढ लागतो, तिथं लागला. तिसऱ्या गिअरला होते. काट्याच्या खाली ते इंजिनाचं छोटं चित्र आहे ना, तो. पिवळा आहे, लाल नाही."

मिस्त्रींनी मान हलवली, गाडीच्या टपावर कोपर टेकलं आणि पुन्हा ह्यांच्याकडेच बघून म्हणाले, "क्लच दाबून ठेवत्यात साहेब लेडीज. सवयच असत्या त्यांची."

गॅरेजच्या बाहेर बाकडं होतं आणि त्यावर दोन-तीन रिकामटेकडे कायम बसलेले असायचे. त्यातला एक, पेपर वाचता वाचता, मान वर न करता म्हणाला, "दिवा लागला म्हंजे गाडी म्हणत्या, वहिनी, आता मला तुमच्या तावडीतनं सोडवा!"

सगळे फिदीफिदी हसले. मगदूम हसले. आमचे हे पण हसले. त्या रिकामटेकड्यांचं मला काही वाटलं नाही, पण ह्यांचं ते हसू मला इतक्या वर्षांनी, आता मी रिटायर होऊन घरी बसले तरी, जसंच्या तसं आठवतं.

"तू रिक्षानं घरी जा," हे म्हणाले. "मी बघतो इथलं." आणि माझ्या हातातली किल्ली काढून घेतली. मी गेले. तेव्हा का गेले, ते आता मला विचारू नका.

ती गाडी माझी होती, हे आधी सांगते. जुनीच घेतलेली, पांढरी, छोटी. पण माझ्या पगारातून घेतलेली आणि माझ्या नावावर. गडहिंग्लजच्या शाळेत मी वीस-बावीस वर्षं चौथीचा वर्ग घेत होते. त्या वर्षी माझं नाव मुख्याध्यापकाच्या बढतीत आलं. दिवाळी झाली की जिल्ह्याला बोलावणार, शाळा निवडायला सांगणार. आता यादीतल्या वरच्या लोकांनी चांगल्या शाळा आधीच उचललेल्या असणार आणि माझ्या वाटणीला आजऱ्याच्या पलीकडची मोरजाईवाडी येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. घाट चढून जायचं गाव. सकाळची एसटी तिथं पोचायची तेव्हा शाळेची प्रार्थना होऊन गेलेली असायची. म्हणून मी चाळिशी उलटल्यावर गाडी शिकले. तिकडच्या रस्त्यानं रोज थोडी पुढे जाऊन सराव करायचे, आज आजऱ्यापर्यंत, उद्या त्याच्या पुढे. घाटसुद्धा दोनदा चढून आले होते एकटी. आणि बढती एकदा नाकारली की पुन्हा नाव यायला वर्षं जातात. माझ्या वयाला वर्षं म्हणजे कधीच नाही.

आमचे हे, सदानंद रेडेकर, सोसायटीचे सचिव. माणूस वाईट नाही. आयुष्यात माझ्यावर हात सोडा, आवाज पण उचलला नाही. बढतीचं कळलं तेव्हा पेढे त्यांनीच आणले होते. "जा की," म्हणाले होते. "कोण नको म्हणतंय?"

त्या दिवशी संध्याकाळी हे गॅरेजवरून चालत आले. गाडी नव्हती. पाय धुतले, खुर्चीत बसले आणि असा सुस्कारा टाकला की मला वाटलं कुणाचं तरी बरंवाईट झालं.

"इंजिन आतून गेलंय," म्हणाले.

"गेलंय म्हणजे? गाडी तर सुरळीत चालत होती. मीच चालवत आणली की गॅरेजपर्यंत."

"तुला काय कळणार त्यातलं? चुकीच्या गिअरला चढ चढवला की आतलं सगळं झिजतं. मगदूम म्हणाला, पार्ट कोल्हापुरातून आणायला लागतील. आणि आणले तरी तो घाटाची गॅरंटी देत नाही. मधेच बंद पडली तर काय करणार आहेस तिथं रानात?"

"मी बोलते मगदूमांशी."

"मी बोललोय ना! आता तू जाऊन त्याच्याशी वाद घालणार का?" मग जरा मऊ आवाजात, "हेमा, एकेकाच्या हाताला एकेक जमतं. तुला शिकवायला जमतं. सगळंच जमलं पाहिजे असं कुठं आहे?"

आमच्या सासूबाई, आक्का, आत स्वयंपाकघरात होत्या. एरवी ह्यांच्या प्रत्येक वाक्याला आतून शेपूट जोडणाऱ्या आक्का त्या दिवशी गप्प. भाकरी थापायचा आवाज तेवढा येत होता. मला वाटलं, त्यांना पण माझा राग आलाय. एवढी खंडेनवमीला हौसेनं पूजा केली होती गाडीची. हार, चाकाखाली लिंबू, सगळं. मला बॉनेट पण उघडायला लावलं होतं. "वरच्या पत्र्याला काय हळद लावायची? यंत्र आत हाय न्हवं?" म्हणाल्या होत्या. मी शाळेच्या गडबडीत बॉनेट उघडून दिलं आणि आवरायला आत पळाले. आणि अशी पूजा केलेली गाडी सुनेनं आठ-दहा दिवसांत बसवली, म्हटल्यावर कुणाला राग येणार नाही?

ही बातमी गावात माझ्याआधी पोचली. शाळेत खोराटे बाईंनी डबा उघडता उघडता विचारलं, "गाडी बसवली म्हणे हो तुम्ही?" माझ्या भावाचा फोन आला, "ताई, तुला ड्रायव्हर ठेवून देऊ का?" भाजीवालीनं विचारलं. दर वेळी मी काय म्हणायचे माहीत आहे? "हो बाई. नाही जमलं मला." मान खाली घालून म्हणायचे! रात्री पडल्या पडल्या तो चढ आठवायचे, तिसरा गिअर, दुसरा गिअर, कुठं चुकलं, कुठं क्लच दाबला. चौथीच्या पोराला गणित तपासून देते तसं मी स्वतःला तपासत होते आणि चूक सापडत नव्हती. सापडत नव्हती तरी ती माझीच आहे, असं मी मानून चालले होते.

गॅरेजला मी एकदा फोन केला. मगदूम म्हणाले, "साहेबांना सांगितलंय सगळं," आणि ठेवून दिला.

दिवाळी गेली. हे सोसायटीतून एक कागद टाइप करून घेऊन आले. "घरगुती अडचणीमुळे पदोन्नती स्वीकारण्यास असमर्थ आहे," खाली माझं नाव. सही करायची जागा पेन्सिलनं फुली मारून दाखवली होती, जशी आम्ही अंगठेबहाद्दर पालकांना दाखवतो.

"सोमवारी जिल्ह्याला बोलावलंय, तिथं मीच नेऊन देतो. तुला हेलपाटा नको," म्हणाले. मी सही केली आणि कुकर लावायला उठले.

शनिवारी सकाळची शाळा असते. दुपारी घरी आले तर आक्का मोरीत बसून भांडी घासत होत्या. दिवाळीला काढलेली पितळेची भांडी परत माळ्यावर टाकायच्या आधी चिंचेनं लख्ख करायची, हा त्यांचा नेम. बाकी सगळी भांडी चकाकत होती आणि एक छोटी वाटी घेऊन त्या राखेनं, चिंचेनं, पुन्हा राखेनं घासत होत्या.

"द्या इकडं, मी घासते," मी म्हणाले.

"निघंना गं हे काळं. तेलकट हाय. लिंबू लावून बघितलं, सोडा लावला, काय बी हुईना."

मी वाटी हातात घेतली, वास घेतला. ग्रीस.

"आक्का, ग्रीस कुठून आलं वाटीला?"

आक्कांनी हातातली राख खाली टाकली. मग डोळ्यांना पदर लावला. मला कळेना काय झालं.

"तू चिडू नगंस," म्हणाल्या. "माझंच चुकलं. खंडेनवमीला इंजनाला निवद ठेवला हुता मी. ह्याच वाटीत, खोबरं नि गूळ. आमच्या हिरीवर तेलाचं इंजन हुतं, तवा दरसाल ठेवायची, रातभर. सकाळी काढायचा. यंदा इसरले बघ. तू आलीस, झाकण लावलंस, गेलीस. मग मला आठवंचना."

"मग?"

"मग उंदरं शिरली की आत. खोबरं खाल्लं आणि कसलीशी वायर बी खाल्ली. गाडी गॅरेजला न्हेली त्याच दिशी सदानं वाटी आणून दिली माझ्या हातात. म्हणाला, आक्का, एक बारीक वायर खाल्ल्या उंदरानं, दुसरं काय झालं न्हाई. पर हेमाला सांगू नगंस, ती तुझ्यावर चिडंल. घर डोक्यावर घील." आक्का हुंदके देऊ लागल्या. "माझ्यापाय तुझी गाडी गेली गं. तोंड दावायला जागा न्हाई मला."

मी तिथंच मोरीच्या उंबऱ्यावर बसले. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती कशी जाते ते मला त्या दिवशी कळलं. त्याच दिवशी! त्याच दिवशी ह्या माणसाला माहीत होतं. इंजिन आतून गेलंय म्हणून सुस्कारा टाकला, त्याच्या आधी मागच्या दारानं वाटी आत आईच्या हातात देऊन आले होते. मला अडाणी ठरवलं, आईला अपराधी ठरवलं, आणि वर आईच्या नजरेत मला कजाग सून करून टाकलं. आणि हे सगळं शांतपणे, पाय धुऊन, खुर्चीत बसून.

"आक्का," मी म्हणाले, "तुमच्या निवदानं काही बिघडलं नाही. डोळे पुसा. आणि ती वाटी घासू नका, तशीच राहू दे." चपला घातल्या आणि निघाले.

गॅरेजवर बाकडं भरलेलंच होतं. माझी गाडी कोपऱ्यात धूळ खात उभी होती.

"मगदूम, बॉनेट उघडा."

"साहेब आले न्हाईत?"

"गाडी साहेबांची नाही. बॉनेट उघडा."

आवाज चढवायची मला सवय आहे, बावीस वर्षांची. बाकड्यावरच्या पेपरची घडी झाली. मगदूमनी बॉनेट उघडलं.

"उंदरानं खाल्लेली वायर कुठली, दाखवा."

ते पाना शोधायला वळले. मी नुसती बघत उभी राहिले. वर्गात एखाद्यानं खडू चोरला की मी अशीच उभी राहते, कुणी ना कुणी बोलतंच.

"ही बघा," अखेर म्हणाले आणि पुढच्या बाजूला बोट दाखवलं. धुराच्या नळीवर बसवलेला एक तुकडा, त्याला वायर, वायरीच्या मधेच कुरतडलेलं, आतली तार उघडी. आणि खालच्या खाचेत खोबऱ्याचा वाळलेला तुकडा, दातांचे ओरखडे असलेला. "सेन्सर आहे बाई. त्याची वायर तुटली की तो दिवा लागतो. पेट्रोल जरा जास्त खाईल, एवढंच. गाडी चालती. इंजनाला काय झालेलं न्हाई."

"आणि चुकीचा गिअर? पार्ट? घाटाची गॅरंटी?"

मगदूमनी कापडाला हात पुसले. पुसायसारखं काही नव्हतं हाताला. "साहेब म्हणाले, मंडळींना घाटात पाठवायचं मन न्हाई. तू जरा मोठं करून सांग कुणी इचारलं तर. आता साहेब म्हटल्यावर... बाई, बसा, दहा मिनिटांत वायर जोडून देतो. मशीन लावून दिवा बी घालवतो."

"हात लावू नका. किल्ली द्या."

"अहो पण दिवा..."

"जळू दे."

मी गाडी काढली, बाकड्याच्या अगदी समोरून वळवली, आणि बाजारातून घरी आणली. तिसरा गिअर टाकला, दुसरा टाकला. कसली खडखड नाही, कसलं काही नाही. तो पिवळा दिवा तेवढा माझ्याकडे बघत होता.

हे घरी आले तेव्हा गाडी दारात आणि ती वाटी टेबलावर मधोमध. दोन्ही त्यांनी बघितलं. बसले. बोटानं वाटी जरा बाजूला सरकवली.

"मला काळजी वाटत होती," म्हणाले. "घाट आहे, पाऊस असतो तिकडं, धुकं असतं. एकटी बाई..."

"काळजी होती तर तोंड होतं की तुम्हाला! जाऊ नकोस म्हणायचं. मी भांडले असते, रडले असते, दोन दिवस बोलले नसते. आणि कुणी सांगावं, ऐकलं पण असतं तुमचं! पेढे आणायचे आणि मागून हे करायचं?"

"मी नको म्हटलं असतं तर लोकांनी मला नावं ठेवली असती. बायकोची बढती अडवली म्हणून."

"म्हणून ती नावं मला ठेवायला लावलीत?"

त्यांनी वाटी पुन्हा होती तिथं सरकवली.

"मी खरं मानलं हो ते!" माझा आवाज फाटला, ते मला आवडलं नाही, पण फाटला. "शाळेत, बाजारात, सगळीकडे मी सांगत फिरले, मला नाही जमलं म्हणून. झोप येत नव्हती मला. तुम्ही शेजारी झोपून बघत होता मी कूस बदलते ती. एकदा तरी वाटलं नाही सांगावं?"

"चुकलं," ते पुटपुटले. "आता जाऊ दे ना. वायरच तर आहे. उद्या जोडून आणतो, दिवा जाईल."

"दिवा राहू दे. जिथं उभं राहून मला हसलात, तिथं जाऊन खरं सांगा. मग काढू दिवा."

"त्या बाकड्यावरच्या लोकांपुढं?" त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांची किडनीच मागितली. "काय म्हणतील लोक?"

"काय म्हणतात ते मी ऐकलंय इतके दिवस. तुम्ही पण ऐका."

सोमवारी सकाळी मी गाडी बाहेर काढली तर आक्का हळदीकुंकू घेऊन दारात. गाडीच्या टपावर साखरेची चिमूट ठेवली, हात जोडले, आणि ती साखर लगेच उचलून माझ्या तळहातावर दिली. "आत न्हाई ठेवली," म्हणाल्या. मला एवढ्या रागातसुद्धा हसू आलं.

हे कपडे करून आले आणि डावीकडच्या सीटवर बसले. मी या म्हटलं नव्हतं, नको पण म्हटलं नाही. मांडीवर त्यांची सोसायटीची फाईल होती. जिल्ह्यापर्यंत मी रस्त्याकडे बघत होते, ते फाईलकडे. दिवा दोघांनाही दिसत होता.

सभागृह भरलेलं होतं. यादीत माझ्या आधी असलेल्या बाईंचं नाव पुकारलं, तर उठला तिचा नवरा. "घरच्या अडचणी आहेत साहेब," तोच म्हणाला. ती मागे पदर चाचपत उभी. नकार लिहिला, गेले दोघं. मग माझं नाव. मी उठले, आणि मागे ह्यांनी फाईल उघडल्याचा आवाज आला. सवय हो, दुसरं काय.

टेबलामागच्या साहेबांनी ह्यांच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. "बाई, तुमचं काय म्हणणं आहे?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी मला विचारत होतं.

"मोरजाईवाडी," मी म्हणाले.

"लांब आहे हं. जायचं-यायचं कसं?"

"गाडी आहे माझी. मी चालवते."

सही केली. वळले, ह्यांच्या हातातून तो टाइप केलेला कागद घेतला, चार तुकडे केले आणि पर्समध्ये टाकले. सभागृहात कचरा करायची मला सवय नाही.

मी रुजू झाले. थंडीभर त्या घाटात रोज गेले, रोज आले. धुकं असायचं, खरंच असायचं, पुढचं काही दिसायचं नाही आणि त्या धुक्यात गाडीत पिवळा दिवा जळत असायचा. घरात आम्ही कामापुरतं बोलायचो. भाजी काय, आक्काच्या गोळ्या आणल्या का, एवढंच. गॅरेजचा विषय ते काढायचे नाहीत आणि मी विसरायची नाही.

संक्रांतीनंतर मी माझ्या भाचीच्या लग्नाला एसटीनं जाऊन आले. दुसऱ्या दिवशी गाडी चालू केली तर दिवा नाही. मी परत बंद केली, परत चालू केली. नाही. हे दारात उभे, पोरानं आईला न विचारता घर झाडून ठेवावं तसा चेहरा करून.

"करून आणली," म्हणाले. "झालं आता समाधान?"

"गॅरेजवर कोण होतं?"

"कुणी नव्हतं. दुपारी नेली होती मुद्दाम."

मुद्दाम! मी उतरले, बॉनेट उघडलं. जागा मला माहीत होती. नवी वायर जोडलेली होती, नीटनेटकी. तिच्या टोकाचं सॉकेट दाबून ओढलं आणि सोडवून ठेवलं. बॉनेट आपटलं.

"अगं, काय करतेस?"

"दिवा लावते."

चालू केली, तर दिवा लागेना. गल्लीला चक्कर मारून आले, तरी लागेना. ते दारात उभे राहून बघतायत आणि मी आपली फुशारकी मारून बसलेली, मला अगदी ओशाळल्यासारखं झालं. तशीच शाळेला निघाले. आजऱ्याच्या अलीकडे तोच चढ लागला, तिसऱ्या गिअरला होते, आणि लागला. मी एकटीच गाडीत मोठ्यानं म्हणाले, "शाब्बास!"

संध्याकाळी गाडी दारात आणली, पण इंजिन चालूच ठेवलं. हे आले, वाकून काचेतून आत बघितलं. तो जळत होता. बराच वेळ वाकूनच राहिले. मग दार उघडून डावीकडे बसले.

"चल," म्हणाले. "मगदूमकडं."

बाकडं भरलेलं होतं. त्या दिवशीचा तो पेपरवाला पण होता. मी गाडी त्यांच्यासमोर लावली आणि आतच बसून राहिले. काच खाली घेतली. हे उतरले. शर्टाची बाही सारखी केली, जी सारखीच होती.

"एक सांगायचं होतं," ते म्हणाले. घसा खाकरला. "गाडी हिनं बिघडवली नव्हती. उंदरानं वायर खाल्ली होती. मला त्याच दिवशी मगदूमनी दाखवली. मी खोटं सांगितलं सगळ्यांना."

"का ओ, रेडेकर?" पेपरवाल्यानं विचारलं. ह्या वेळी त्यानं मान वर केली होती.

हे बघत राहिले, आधी जमिनीकडे, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता काळजी, घाट, धुकं, सगळं येणार.

"ही मोठी होईल म्हणून," म्हणाले.

कुणी हसलं नाही. मगदूम पुढे आले, बॉनेटला हात घालायला गेले आणि थांबले. माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, मी करू का तुम्ही करताय?"

"मी करते."

उतरले, सॉकेट बसवलं. टक्क आवाज झाला. मगदूम म्हणाले, "मशीन लावून घालवू का आत्ता? न्हाईतर चार-सहा दिवस चालवल्यावर जाईल आपोआप."

"जाईल आपोआप," मी म्हणाले.

सव्वीस जानेवारीला माझ्या शाळेत झेंडा मला लावायचा होता. पहाटेच निघाले तर हे इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गाडीजवळ उभे. मागे आक्का नऊवारीत, मांडीवर लाडवांचा डबा घेऊन आधीच बसलेल्या. आजरा गेलं, घाट लागला. धुकं होतं. हे दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून बसले होते. मग अर्ध्या घाटात एकदम म्हणाले,

"हेमा, दिवा गेला बघ."

मी खाली बघितलं. खरंच नव्हता. कधी गेला, कुणास ठाऊक.

"गेला का?" मी म्हणाले, आणि पुढे चढ होता म्हणून दुसरा गिअर टाकला.